चोर सापडला, आता पुढे?

एक प्रसंग धरून चालू या. सत्तरीच्या एक बाई घरात एकट्याच राहतात. रात्री चोर शिरतो. बाईंना जाग येते, त्या त्याच्या वाटेत येतात, तो त्यांना ढकलून पळून जातो. मनगट मोडतं. कपाटातले दागिने गेलेले असतात. तीन आठवड्यांनी चोर सापडतो. वय २२. याआधीची एक किरकोळ चोरी नावावर आहे. दागिने विकून झालेत, पैसेही उडवून झालेत. गुन्हा त्याने कबूल केला आहे, त्यामुळे ‘कोणी केलं’ हा प्रश्न मिटला. आता या मुलाचं करायचं काय?

असा प्रसंग कोणाहीपुढे ठेवा, उत्तर यायला वेळ लागत नाही. ‘पाच वर्षं आत टाका.’ ‘हातपाय मोडा एकदाचे.’ ‘पोरगेलासाच आहे, एखादं काम शिकवा.’ ‘आधी बाईंचे पैसे वसूल करा.’ मग हळूच विचारायचं: पाच वर्षंच का? तीन का नकोत, दहा का नकोत? आणि त्या पाच वर्षांनी नेमकं काय साधेल? इथे बहुतेक जण अडखळतात. काही चिडतातही. त्यांचं चिडणं मला समजतं. शिक्षा व्हायलाच हवी हे आपल्याला आतून इतकं पटलेलं असतं, की त्याचं कारण कधी द्यावं लागेल असं वाटलेलंच नसतं.

पण कारण द्यावं लागतं. एखाद्याला खोलीत कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे. धाकदपटशाने कोणाचे पैसे काढून घेणं हाही गुन्हा आहे. सरकार शिक्षा देतं तेव्हा दिसायला हेच करतं. जाणूनबुजून, ठरवून एका माणसाला त्रास देतं, आणि तो आपल्या सगळ्यांच्या नावाने देतं. मग त्यात आणि गुन्ह्यात फरक काय, याचं उत्तर आपल्याकडे तयार असलेलं बरं.

गंमत म्हणजे मराठीत ही उत्तरं आधीच पडून आहेत. ‘करावे तसे भरावे’ हे एक. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ हे दुसरं. तिसरं तर शब्दातच आहे: शिक्षा आणि शिक्षण ही एकाच ‘शिक्ष्’ धातूची लेकरं. हिंदीत शिक्षा म्हणजे अजूनही शिक्षण. मराठीत मात्र ती कोठडीत जाऊन बसली. तत्त्वज्ञांनी आणि कायदेपंडितांनी गेली अडीचशे वर्षं जो वाद घातला, तो बराचसा या तीन उत्तरांमधलाच आहे. अडचण अशी, की तिन्ही आपापल्या जागी पटतात आणि त्या मुलाला तीन निराळ्या दिशांना ओढतात.

केलं ते भर

पहिलं उत्तर सगळ्यांत जुनं. मुलाने वाईट केलं, त्याचं फळ त्याला मिळालं पाहिजे. त्यामुळे पुढे कोण सुधारेल, कोण घाबरेल, हा हिशेबच नको. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७९७ मध्ये ही भूमिका पार टोकाला नेली. समजा, एका बेटावरच्या लोकांनी ठरवलं की आपला समाज मोडायचा आणि जगभर पांगायचं. तरीसुद्धा तुरुंगात उरलेल्या शेवटच्या खुन्याला आधी देहदंड द्यावा आणि मगच निघावं, असं तो म्हणतो. त्यातून कोणीही धडा घेणार नाही, कारण धडा घ्यायला समाजच उरणार नाही. तरीही द्यायचा, कारण तो माणूस त्याच लायकीचा आहे.

हे वाचून अंगावर काटा येतो आणि ‘हा तर नुसता सूड’ असं म्हणावंसं वाटतं. पण सूड आणि हे यांत फरक आहे. सूड घेणारा स्वतः पोळलेला असतो, त्याच्या हाताला माप राहत नाही. माझा एक मारलास, मी तुझे दोन मारीन. ‘डोळ्याबद्दल डोळा’ हे वचन आज क्रूरपणाचा नमुना म्हणून सांगितलं जातं, पण त्या काळात ते लगाम घालणारं होतं असं अनेक अभ्यासक मानतात. एका डोळ्याबद्दल एकच डोळा. जीव नाही, आणि भावाचा किंवा मुलाचा डोळाही नाही. अर्थात फुटलेला डोळा कोणाचा, हेही तेव्हा पाहिलं जाई. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात वरच्या थरातल्या माणसाचा डोळा फोडला तर फोडणाऱ्याचा डोळा जायचा. सामान्याचा फोडला तर चांदी मोजून सुटता यायचं.

या उत्तराची ताकद लगामातच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली तर आपल्याला ते का सहन होत नाही? शिक्षा फक्त लोकांना धाक बसावा म्हणून असेल, तर संन्यासीही चालायला हवा. तोच चोर आहे असं लोकांना वाटलं म्हणजे झालं, धाक तेवढाच बसेल. तरीही आपण ते चालवून घेत नाही. शिक्षा ज्याने केलं त्यालाच आणि केलं त्या मानानेच, हे आपण सोडायला तयार नसतो.

लहान मुलाला किंवा आपण काय करतोय याचं भानच नसलेल्या मनोरुग्णाला कायदा वेगळं वागवतो, तेही याच धाग्याने. लंडनमध्ये १८४३ साली डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधानांच्या सचिवाला गोळी घालून मारलं. तो भ्रमिष्ट आहे हे पाहून ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. त्यावर मोठा गदारोळ झाला, खुद्द राणी नाराज झाली. पण त्यातून निघालेली कसोटी पुढे इंग्रजी वळणाच्या कायद्यांत देशोदेशी गेली: आपण काय करतोय, आणि ते चूक आहे, हे त्याला कळत होतं का?

हे उत्तर लंगडं पडतं ते मापापाशी. एक मनगट अधिक काही दागिने बरोबर किती महिने? लायकीची भाषा क्रम लावू शकते. दरोडा चोरीहून वाईट, खून दरोड्याहून वाईट. शिडीच्या पायऱ्या लागतात, पण शिडी किती उंच असावी हे ती सांगत नाही. शिवाय एकच शिक्षा दोघांना सारखी लागत नाही. जो दंड भरताना गरिबाचं महिन्याचं गणित कोलमडतं, तो श्रीमंताच्या लक्षातही राहत नाही. फिनलंडने १९२१ मध्ये यावर साधा तोडगा काढला: दंड पैशांत न मोजता दिवसांत मोजायचा. गुन्ह्यावरून दिवस ठरतात, आणि एका दिवसाची रक्कम त्या माणसाच्या मिळकतीवरून. बेफाम गाडी हाकणाऱ्या तिथल्या धनाढ्यांना लाख-लाख युरोंचा दंड झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या वाचताना मला बरं वाटतं, हे कबूल करतो.

धाकाचं गणित

१७६४ मध्ये मिलानच्या चेझारे बेक्कारिया या २६ वर्षांच्या तरुणाने एक छोटंसं पुस्तक स्वतःचं नाव न घालता छापलं. युरोपात तेव्हा छळ करून कबुली घेणं अनेक ठिकाणी कायदेशीर होतं आणि फाशी हा भर चौकातला तमाशा होता. त्याचं म्हणणं असं: झालं ते शिक्षेने पुसलं जात नाही. तिचं काम एवढंच, की या माणसाने पुन्हा तसं करू नये आणि इतरांनीही करू नये. त्याला पुरेल तेवढीच शिक्षा न्याय्य, त्यावरचा प्रत्येक फटका जुलूम. गुन्हा रोखते ती शिक्षेची क्रूरता नव्हे. ती चुकणार नाही ही खात्री रोखते. इटलीतल्या टस्कनीच्या राज्याने १७८६ मध्ये मृत्युदंड रद्द केला, त्यामागे या विचारांचा मोठा हात होता. पुढे इंग्लंडमध्ये तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅमने यावर हिशेबाची वहीच उघडली. शिक्षा ही मुळात वाईट गोष्ट, ती द्यायची तर तिच्यामुळे टळणारं वाईट तिच्याहून मोठं हवं.

‘खात्री’ या शब्दावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण शिक्षा वाढवा म्हणून ओरडताना आपण सगळे नेमका तोच विसरतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या कायद्यात फाशी होऊ शकेल असे गुन्हे दोनशेच्या घरात गेले होते. घरातून ४० शिलिंगांचा ऐवज चोरला तरी फाशी. या हिशेबाने लंडनमध्ये चोर औषधालाही सापडायला नको होता. पण ज्युरीत बसलेली माणसं शेवटी माणसंच. ४० शिलिंगांसाठी समोरच्या पोराला लटकवणं त्यांच्या जिवावर यायचं. मग ती शपथेवर निकाल द्यायची, की ऐवजाची किंमत ३९ शिलिंग! १८३० मध्ये तर बँकवाल्यांनीच संसदेकडे अर्ज केला, की बनावट कागदपत्रांसाठीची फाशी काढून टाका. दया आली म्हणून नव्हे. समोरच्याला फाशी होईल म्हणून कोणी फिर्याद देईना, ज्युरी दोषी ठरवीना, आणि भामटे मोकळे फिरत होते. शिक्षा जितकी जड, तितका ती देणाऱ्याचा हात कचरतो. धाक वाढवायला जावं तर खात्रीच निसटते.

याची दुसरी बाजू कॅनडात दिसली. ७ ऑक्टोबर १९६९ रोजी मॉन्ट्रियलचे पोलीस संपावर गेले. कायद्याच्या पुस्तकातली एकही शिक्षा त्या दिवशी कमी झालेली नव्हती. फक्त पकडणारं कोणी नव्हतं. दिवसाढवळ्या बँकांवर दरोडे पडले, रात्री बाजारपेठेतल्या काचा फुटल्या, दुकानं लुटली गेली आणि शेवटी सैन्य बोलवावं लागलं. म्हणजे धाक ही थाप नाही. तो असतो, फक्त आपण समजतो तिथे नसतो.

आपल्या चोराकडेच पाहा. ‘या कलमाला तीन वर्षं की सात’ असा विचार करत तो खिडकीवर चढलेला नाही. ते आकडे त्याला बहुधा ठाऊकही नसतील. आपण सापडत नाही, एवढ्या भरवशावर तो चढला. ज्याच्या डोक्यात सापडण्याची शक्यता शून्य आहे, त्याच्यासाठी तीनाचे तीस केले तरी काय होणार? शून्याला कशानेही गुणा. रागाच्या किंवा नशेच्या भरात हात उचलणाऱ्याच्या डोक्यात तर एवढंही गणित नसतं.

मृत्युदंडाने धाक बसतो का, हा यातला सर्वांत तापलेला वाद. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या एका समितीने २०१२ मध्ये त्यावरचे तीन दशकांहून अधिक काळातले अभ्यास तपासले. निष्कर्ष असा, की मृत्युदंडामुळे खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, हे या अभ्यासांवरून सांगता येत नाही. ‘फाशी द्या, लगेच धाक बसेल’ म्हणणारा आणि ‘धाक बसत नाही हे सिद्ध झालंय’ म्हणणारा, दोघेही पुराव्याच्या पुढे धावत आहेत.

याच ओघात एक गोष्ट सांगायचा मोह होतो. ती गुन्ह्याची नाही, पाळणाघराची आहे. इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांत एक प्रयोग झाला, तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांतल्या सहा पाळणाघरांनी छोटासा दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला. पूर्वी मुलांपाशी थांबलेल्या बाईंना ताटकळत ठेवण्याची लाज वाटायची. आता तोच वेळ विकत मिळत होता. पुढे दंड बंद केला, तरी लाज काही परत आली नाही.

म्हणजे शिक्षेत दोन गोष्टी असतात: त्रास, आणि ‘हे चूक होतं’ असं सर्वांसमक्ष म्हणणं. दुसरी गळली की शिक्षेचं भाडं होतं, परवडेल त्याने भरावं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम १८९३ मध्ये याच्याही पुढे गेला. शिक्षा मुख्यतः गुन्हेगारासाठी नसतेच, ती सरळमार्गी माणसांसाठी असते, असं त्याचं म्हणणं. आपण जे नियम मुकाट्याने पाळतो ते खरोखरच नियम आहेत, हा विश्वास टिकावा म्हणून. मोठ्या घोटाळ्यातला आरोपी हसत हसत बाहेर पडताना दिसला की आपलं एका पैशाचं नुकसान झालेलं नसतानाही जो संताप होतो, तो दुर्खीमच्या बाजूने साक्ष देतो.

कुलूप

एक उत्तर म्हणींत नाही, कदाचित ते फारच साधं आहे म्हणून. चोर आत आहे तोवर बाहेर चोरी करू शकत नाही. यात लायकी नाही, धडा नाही, सुधारणा नाही, फक्त कुलूप. काही माणसांबाबत हे उत्तर पुरेसं आहे, आणि ते सरसकट नाकारणाऱ्यांशी माझं जमत नाही. कैद्यांना माणसासारखं वागवतात म्हणून नॉर्वेचं जगभर कौतुक होतं. त्याच नॉर्वेने २०११ मध्ये ७७ जणांचे जीव घेणाऱ्या माणसाला २१ वर्षांची अशी कैद दिली, जी तो धोकादायक आहे असं न्यायालयाला वाटत राहिल्यास पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, अगदी मरेपर्यंत.

पण कुलूप सगळ्यांना लावायला गेलं की हिशेब बिघडतो. कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये कायदा केला: आधीचे दोन गंभीर गुन्हे नावावर असतील, तर तिसऱ्या वेळी किमान २५ वर्षं ते जन्मठेप. एकाने दुकानातून तीन गोल्फ क्लब चोरले. त्याचीही २५ वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कायम केली. शेवटी २०१२ मध्ये मतदारांनीच तो कायदा सौम्य केला. यात एक गोष्ट नजरेआड झाली होती. गुन्हेगारी हा बव्हंशी तरुण वयाचा उद्योग आहे. विशीच्या आसपास ती शिगेला असते आणि मग वयाबरोबर उतरत जाते, हे देशोदेशीच्या आकडेवारीत दिसतं. नोकरी, लग्न, दुखरे गुडघे, कशानेही म्हणा, माणूस निवतो. पन्नाशीतल्या चोराला आणखी पंधरा वर्षं कोंडून आपण मुख्यतः त्याचं म्हातारपण सांभाळत बसतो.

शिक्षेतलं शिक्षण

तुरुंग म्हणजेच शिक्षा, ही कल्पना आपल्याला सनातन वाटते. ती तशी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपात तुरुंग ही बहुधा थांबायची जागा होती. खटल्याची, फाशीची किंवा कर्ज फिटण्याची वाट पाहत माणसं तिथे पडून असायची. कैद हीच शिक्षा झाली ती मोठ्या प्रमाणात दयेपोटी. फटके आणि फासापेक्षा माणूस आतून बदलावा, असं काही धर्मशील लोकांना वाटलं.

त्या दयेचा सर्वांत भव्य नमुना अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात उभा राहिला. १८२९ मध्ये उघडलेल्या ईस्टर्न स्टेट तुरुंगात प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडी होती, वर उजेडाला झरोका, वाचायला बायबल, करायला हातकाम. बाहेर काढताना डोक्यावर बुरखा चढवायचा, म्हणजे कोणाचा चेहरा दिसायला नको. एकांतात माणूस स्वतःशी बोलेल, त्याला पश्चात्ताप होईल आणि तो धुतल्या तांदळासारखा बाहेर येईल, अशी योजना. कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने १८४२ मध्ये तिथे जाऊन कैद्यांना पाहिलं आणि लिहिलं, की माणसाच्या मेंदूशी रोज संथपणे चाललेली ही ढवळाढवळ शरीराच्या कुठल्याही छळाहून वाईट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नियमांनी सलग १५ दिवसांपलीकडच्या एकांतवासाला मनाई केली आहे. ‘सुधारणा’ हा शब्द ऐकला की मला आधी तो बुरखा आठवतो. सद्हेतूला वेळेची मर्यादा नसते, हीच त्याची भीती. शिक्षा म्हणून दोन वर्षं म्हटलं की ती दोन वर्षांनी संपते. ‘सुधारेपर्यंत’ म्हटलं की ती कधी संपणार?

दुसरा तडाखा आकड्यांचा बसला. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्टिन्सनने १९७४ मध्ये कैद्यांच्या सुधारणा-कार्यक्रमांवरचे २३१ अभ्यास तपासून सांगितलं, की पुन्हा गुन्हा करण्यावर त्यांचा फारसा परिणाम दिसत नाही. ‘काहीच चालत नाही’ अशी त्याची घोषणा होऊन बसली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं ज्यांना आधीपासून वाटत होतं त्यांच्या हाती कागद आला. १९७९ मध्ये मार्टिन्सनने स्वतःच माघार घेतली आणि काही कार्यक्रमांचा उपयोग होतो असं लिहिलं. ते फारसं कोणी वाचलं नाही. (बातमी पहिल्या पानावर, खुलासा आतल्या कोपऱ्यात.) तोवर वारं फिरलं होतं. अमेरिकेतल्या कैद्यांची संख्या २००८ च्या सुमारास २३ लाखांवर गेली.

हल्ली उलट बाजूने एक आकडा फिरतो: नॉर्वेत सुटलेल्या कैद्यांपैकी २० टक्केच पुन्हा गुन्ह्याकडे वळतात, अमेरिकेत मात्र दोन-तृतीयांश. दोन्ही आकडे खरे आहेत, तुलना कच्ची आहे. नॉर्वेचा आकडा दोन वर्षांत पुन्हा दोषी ठरलेल्यांचा आहे, अमेरिकेचा तीन वर्षांत पुन्हा अटक झालेल्यांचा. अटक झालेला प्रत्येक जण दोषी ठरत नाही. शिवाय नॉर्वेत किरकोळ गुन्ह्यालाही थोड्या दिवसांची कैद होते, म्हणजे आत जाणारी माणसंच वेगळी. एवढी वजावट करूनही काहीतरी उरतं. राहिलेलं शिक्षण, एखादा धंदा शिकणं, व्यसनमुक्ती, रागाच्या क्षणी वेगळा विचार करण्याचा सराव, यांनी परत येणाऱ्यांची संख्या काही प्रमाणात घटते. चमत्कार होत नाहीत. पण तुरुंगातून बहुतेक माणसं कधी ना कधी बाहेर येणारच असतात, तेव्हा ती कशी बाहेर येतात हा त्यांच्यापेक्षा आपला प्रश्न आहे.

आता या सगळ्याची मोट बांधायची कशी? इंग्लंडचे कायदेतज्ज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९५९ मध्ये एक युक्ती सुचवली. ‘शिक्षा कशासाठी’ हा एक प्रश्न नाहीच, ते तीन प्रश्न आहेत: शिक्षा नावाची व्यवस्था मुळात का हवी, ती कोणाला द्यायची आणि किती द्यायची. तिन्हींचं उत्तर एकच असायला हवं असा हट्ट सोडला की गाठ सुटू लागते. व्यवस्था हवी ती गुन्हे कमी व्हावेत म्हणून. द्यायची ज्याने केलं त्यालाच. इथे फायद्यातोट्याचा हिशेब बंद.

आणि किती, याबाबत माझं मत असं, की लायकी हे छप्पर समजावं, जमीन नव्हे. धाकासाठी म्हणा, सुधारणेसाठी म्हणा, छपराच्या वर जायचं नाही. छपराखाली मात्र जे उपयोगी पडेल ते करायला मोकळीक असावी. आपल्या मुलाला मी पाच वर्षं देणार नाही. काही महिने आत, मग दीर्घ देखरेख, हाताला काम, आणि त्या कमाईतून बाईंची भरपाई. पण हे काही आठवड्यांत व्हावं, सहा वर्षांनी नव्हे. गुन्हा २२ व्या वर्षी केला आणि शिक्षा २८ व्या वर्षी भोगली, तर तोवर भोगणारा माणूसच दुसरा झालेला असतो. तो नोकरीला लागला असेल तर आपण ती मोडतो. लागला नसेल तर मधल्या सहा वर्षांत तो काही सापडत नाही, हेच शिकत राहिलेला असतो. ‘काही महिने’ हे कमी आहे असं कोणी म्हणेल. असेलही. शिडीची उंची सांगता येत नाही हे मी वरच कबूल केलं आहे.

एवढं सगळं लिहून झालं आणि लक्षात आलं, की बाईंना अजून कोणी काही विचारलेलंच नाही. मी पहिल्या परिच्छेदात त्यांचं मनगट मोडलं आणि त्यांना तिथेच सोडून चोराच्या मागे लागलो. कायदाही साधारण हेच करतो. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. ज्यांच्या घरात हे घडलं त्या साक्षीदार. सूड आटोक्यात आणण्यासाठी ही व्यवस्था आली आणि त्यात शहाणपण आहे. पण गुन्हा हातातून काढून घेताना त्या माणसाचं म्हणणंही काढून घेतलं गेलं.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या एल्मायरा या छोट्या गावात १९७४ मध्ये दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. गाड्यांचे टायर फाडले, खिडक्या फोडल्या. त्यांच्याशी संबंधित देखरेख अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं, की या दोघांना प्रत्येकाच्या दारात उभं करून पाहू या. न्यायाधीश आधी नको म्हणाले, मग तयार झाले. दोघे दारोदार गेले, लोकांचं ऐकून घेतलं आणि काही महिन्यांत नुकसान भरून दिलं. गुन्हेगार आणि ज्याचं नुकसान झालं तो, अशा समोरासमोरच्या भेटींची आजची पद्धत बरीचशी तिथून सुरू झाली. न्यूझीलंडने १९८९ मध्ये अल्पवयीन गुन्हेगारांसाठी असं कुटुंबासह बसणं कायद्यातच आणलं. ही पद्धत सगळीकडे लावू नये. घरात मार खाणाऱ्या बाईला मारणाऱ्यासमोर बसवून ‘मिटवून टाका’ म्हणणं हा दुसरा अन्याय होईल. आणि ज्याला भेटायचं नाही त्याला आग्रहही नको.

पण ज्यांना भेटायचं असतं, ते काय विचारतात? बहुधा शिक्षेबद्दल नाहीच. माझंच घर का? पाळत ठेवून होतास का? मी एकटी असते हे तुला कोणी सांगितलं? आईचं मंगळसूत्र होतं त्यात, ते कुठे दिलंस? परत येशील?

बाईंनी खिडकीला दुसरी कडी बसवून घेतली आहे. रात्री दोनदा उठून त्या ती चाचपून पाहतात, प्लास्टरमधला हात सावरत. न्यायालयात त्यांना विचारणार आहेत, ते म्हणजे दागिने कोणते होते, वजन किती आणि पावत्या आहेत का.